रडणं हे कारण नाही

हवालदारिणीचे वरचे समोरचे दोन दात नव्हते, आणि ते कुठे गेले हे सगळ्या छावणीला ठाऊक होतं. एक तिच्या पोटात गेला होता आणि दुसरा चार दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडला होता. छावणीतला प्रत्येक पुरुष दिवसातून दोनदा तरी कुणाचे ना कुणाचे दात घशात घालायची भाषा करतो. तिचा नवरा तेवढा शब्दाला जागणारा निघाला. मेसमध्ये आचारी होता तो. पाचशे माणसांचं जेवण ढवळायचा त्याचा डाव दोन हात लांब होता, आणि मीठ जास्त झालं या कारणावरून तो एका संध्याकाळी घरी आला तो डाव घेऊनच.

हवालदार मात्र तो कधीच नव्हता. ती पदवी त्याच्या बायकोला पुढे पोरांनी दिली, आणि पोरांनी दिलेली पदवी कुणाला परत घेता येत नाही. दातांच्या त्या खिंडीतून तिचा 'स' शिट्टी वाजवत बाहेर पडायचा. "सरळ बस" म्हटलं की अर्धी खोली सरळ बसायची आणि उरलेली अर्धी हसायची. हसणाऱ्यांना ती हसू द्यायची.

आचारी मेला तो मेसचा बॉयलर फुटून. झाकण छपरातून निघून पलीकडच्या कवायतीच्या मैदानात पडलं आणि त्याच्यामागोमाग तोही थोडा थोडा तिथे पोचला. कागदावर 'कर्तव्यावर असताना' असं आलं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "घरी पण तो कर्तव्यावरच असायचा." बायका रडायला जमल्या, ही रडेना. धक्का बसलाय हो बिचारीला, असं एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. धक्काबिक्का काही नव्हता. बरगड्या बऱ्या झाल्या की आपल्याला उताणं झोपता येईल, एवढाच विचार ती करत होती.

मग तिला तीन गोष्टी मिळाल्या. एक खोली, एक निळं पुस्तक आणि पागेत नोकरी. निळं पुस्तक म्हणजे सैनिकाच्या विधवेला काय काय देय आहे त्याची यादी. कोळसा इतका, कापड इतकं, औषध अमुक खिडकीवर. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मयताच्या आश्रित एका बालकास संगोपन केंद्रात सवलतीची जागा. त्याखालचा चौकोन कोराच होता. तिच्या पोटातलं बालक पाचव्या महिन्यातच आचाऱ्याच्या बुटाखाली संपलं होतं, आणि दुसरं राहिलं नाही. एकोणीस वर्षं ते पान कोरं होतं.

पागा म्हणजे तेच संगोपन केंद्र. पाटीवर पूर्ण नाव होतं, पण ते म्हणेपर्यंत पोर पळून जातं. पूर्वी तिथे खेचरं बांधायचे. भिंतीत लोखंडी कड्या तशाच होत्या आणि आता त्यांना पोरांच्या पिशव्या अडकवलेल्या असत. बाहेरच्या पाळणाघरात जी फी पडायची तिच्या पाव हिश्श्यात इथे पोर दिवसभर राहायचं, दूध प्यायचं, अक्षरं गिरवायचं आणि दुपारी झोपायचं. त्यामुळे चाळीस जागांसाठी शंभरावर अर्ज. शिवाय विधवांच्या नावाच्या दोन जागा यादीबाहेर राखलेल्या होत्या, पण त्या कुणी मागायला येत नसे. विधवा झाली की बाई छावणी सोडून माहेरी जायची. आचाऱ्याची बायको तेवढी राहिली, कारण माहेरी भाऊ होता आणि त्याचाही हात चालायचा.

पागेच्या मागेच गोळीबाराचं मैदान. दुपारी दोन ते सव्वातीन तिथे बार उडायचे आणि त्याच वेळी पोरं गाढ झोपायची. बार थांबले की दचकून उठायची. नव्या आया हे बघून डोळ्यांना पदर लावायच्या. हवालदारीण म्हणायची, "रडू नका, दूध तापवा. शांत झालंय, आता उठतील सगळे."

जागेपणी चाळीसच्या चाळीस पोरं एकमेकांना मारायची. बाप जे करतात ते पोरं खेळतात. न्हाव्याचा पोरगा असता तर हजामत खेळला असता. इथे रोज कुणीतरी शहीद व्हायचं, कुणाचा तरी कान चावला जायचा, कुणाच्या तरी डोक्यात ठोकळा बसायचा. केंद्राच्या मोठ्या बाई सगळ्यांशी, म्हणजे पोरांशी, आयांशी, दूधवाल्याशी आणि कॅप्टनसाहेबांशीही, एकाच गोड आवाजात बोलायच्या, "कोणी केलं बरं हे? आता सॉरी कोण म्हणणार बरं?" कॅप्टनसाहेब सुद्धा एकदा सॉरी म्हणून गेले होते. हवालदारिणीनं मारामारी बंद करायचा नाद कधीच सोडला होता. तिनं फक्त कायदा घालून दिला होता. डोळ्यावर नाही, गळ्यावर नाही, आणि पडलेल्याला मारायचं नाही. हा तिसरा कायदा पोरं सुरात म्हणायची. कुणी खाली पडलं की चहूबाजूंनी सुरू व्हायचं, "पडलेल्याला मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही," आणि वरचढ झालेला हिरमुसून बाजूला व्हायचा.

पण तिचं खरं काम दाराशी. पागेचं दार दोन भागांचं होतं. वरचा दिवसभर उघडा, खालचा छातीएवढा, आतून लोखंडी अडसर घातलेला. त्या अर्ध्या दारावर कोपर टेकून ती उभी राहायची आणि पोर आत घ्यायची, पोर बाहेर द्यायची. प्रत्येक पोराचे दोन पितळी बिल्ले असत. एक आईकडे, एक बापाकडे. बापाचा बिल्ला त्याच्या ओळखपट्टीच्याच साखळीत अडकून सीमेवर जायचा आणि बाप परत आला की त्याच्याबरोबर परत यायचा. भिंतीवर नियमांची पाटी होती. पहिला नियम, मूल बिल्ल्यावर दिलं जाईल. दुसरा, बिल्ला नसल्यास नातं सांगू नये. तिसरा, सलग दहा दिवस गैरहजर राहिल्यास जागा रद्द. चौथा, मुलाचं रडणं हे मूल न देण्याचं कारण मानलं जाणार नाही.

चौथा नियम एका हवालदाराच्या पायी झाला होता. तो चौदा महिन्यांनी परतला, दाढी वाढलेली, अर्धा चेहरा भाजलेला. त्याच्या पोरानं त्याला बघून असा टाहो फोडला की तेव्हाच्या दारवालीनं पोर द्यायला नकार दिला. तो बिचारा दाराबाहेर पायरीवर बसून पोरापेक्षा मोठ्यानं रडला म्हणे. तेव्हापासून ठरलं की इथल्या पोरांना बाप आठवत नाहीत, ती रडायचीच. त्यामुळे कुणी बाप परतला की तो तमाशा बघायला आया दाराशी जमायच्या. पोर हातपाय झाडतंय, बाप कावराबावरा झालाय, आणि हवालदारीण पोराची बोटं एकेक करून भिंतीतल्या कडीवरून सोडवतेय. सगळे हसायचे. दोन दिवसांत तेच पोर त्याच बापाच्या खांद्यावर बसून यायचं, म्हणून हसायचे.

सत्तावीस नंबरची मुलगी साडेतीन वर्षांची होती. बंदुकीतून सुटल्यासारखी पळायची म्हणून तिचं नाव गोळी पडलं होतं. तिची आई गणवेशाच्या शेडमध्ये शिवणकाम करायची, दिवसाला साठ कॉलर. शेडमध्ये कापड कापायचं विजेवरचं पातं होतं. एकीनं पोर बरोबर आणलं होतं तर पोराची दोन बोटं कापडाबरोबर कापली गेली. तेव्हापासून शेडच्या फाटकात लहान पोराला मज्जाव. म्हणजे पागेत जागा असेल तर शिवण, आणि शिवण असेल तर भाकर. शिवणवाली बोलायला मऊ. कुणी पायावर पाय दिला तरी हीच माफी मागायची.

गोळीचा बाप ट्रकवर ड्रायव्हर होता. अकरा महिन्यांनी परत आला तेव्हा बिल्ला घेऊन दाराशी उभा राहिला. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत, तोंडात साखर. मावशी म्हणाला, नमस्कार केला, आयांसाठी गोळ्यांचा पुडा आणला होता. गोळीनं त्याला बघितलं आणि ती किंचाळली. किंचाळत मागच्या भिंतीपर्यंत पळाली आणि दोन्ही हातांनी कडी धरून बसली. आया हसल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "कोण आलंय बरं?" आणि हवालदारीण गेली, तिची बोटं कडीवरून सोडवली, करंगळी सगळ्यात शेवटी, आणि तिला उचलून दारापलीकडे दिली. वर विनोदही केला.

"अगं बाप आहे तो तुझा, वाघ नाही. खाणार नाही."

गोळी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये घेऊन. आई उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालून आली होती. खाटेवरून पडली, असं तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. हवालदारिणीनं प्लास्टर बघितलं, मग पोरीच्या दंडाची आतली बाजू बघितली. तिथे चार बोटं आणि एक अंगठा निळे उमटले होते. खाटेला बोटं नसतात. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पिळलेला हात कसा दिसतो हे तिनं स्वतःच्या अंगावर वाचलेलं होतं.

तिनं शिवणवालीला पिशव्यांच्या कोपऱ्यात घेतलं आणि काही विचारलं नाही, नुसता आपला वरचा ओठ उचलून ती खिंड दाखवली. मग शिवणवाली बोलायला लागली. बोलताना रडली नाही, कॉलर मोजावी तसं सांगितलं. सीमेवरून आल्यापासून असा झाला का, असं सगळे म्हणतील, पण तो आधीपासून असाच होता. आता फक्त आवाज सहन होत नाही, एवढी भर पडली. पोरगी पहिल्या रात्री त्याला घाबरून रडत राहिली. गप्प कर म्हणाला, ती गप्प होईना. मग त्यानं स्वतः केली. ही मध्ये पडली तर हिचा हात कपाटाच्या दारात धरून दार लावलं, तीनदा. बाही वर करून दाखवू का, असं तिनं विचारलं. हवालदारीण नको म्हणाली.

तक्रार का नाही केली, असं कुणीही विचारलं असतं. हवालदारिणीनं विचारलं नाही, तिला उत्तर माहीत होतं. ते उत्तर कचेरीत बसायचं आणि त्याचं नाव शिक्कामास्तर. नियमात बसवू या, बघू या, असं दर दोन वाक्यांमागे म्हणणारा, चष्म्याच्या वरून बघणारा सुकलेला माणूस. हवालदारीण तरीही दुपारी त्याच्याकडे गेली. शिक्कामास्तरनं वही न उघडता सांगितलं की जागा पोरीची नाही, आईचीही नाही, ती बापाच्या सेवा क्रमांकाची. तक्रार आली की चौकशी. चौकशी लागली की क्रमांक स्थगित. क्रमांक स्थगित की राहतं घर, कोळसा आणि जागा स्थगित. यादीत पुढे एकसष्ट नावं आहेत, एक दिवस रिकामी राहणार नाही. तिनं विचारलं, मग त्याला पोर देऊ नये अशी नोंद? त्यावर तो म्हणाला, बिल्ला त्याचा, पोर त्याचं, नोंद कसली. चष्मा पुसला. मग हळूच म्हणाला की त्यालाही बहीण होती.

नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं म्हणतात. इथे तर छत्रीही नवऱ्याच्याच क्रमांकावर मिळत होती.

मोठ्या बाईंकडेही ती गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गोड आवाजात त्यांनी पाटीकडे बोट केलं. त्या संध्याकाळी हवालदारिणीनं घरी भांडी घासताना एक पातेलं भिंतीवर फेकलं. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली होती, हे तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

दोन दिवसांनी सकाळी शिवणवाली पोरीला सोडायला आली तेव्हा तिचा एक डोळा मिटलेला होता. तिनं आदल्या रात्री नवऱ्याला सांगितलं होतं की मी बहिणीकडे जाते. बहीणबिहीण कुणी नव्हती, पण त्यानं ऐकलं. तो म्हणाला, जा, पोर आधी मी घेऊन येतो, मग बघू कशी जातेस. हे सांगताना शिवणवालीनं अर्ध्या दाराची कड धरली होती. पोरीला त्याच्या हाती देऊ नका, असं ती म्हणालीच नाही. नियम तिलाही पाठ होता. ती फक्त म्हणाली, "मावशी, तुम्ही असालच ना दाराशी?"

"मी कुठे जाणार," हवालदारीण म्हणाली.

तो सव्वातीनला आला. बार नुकतेच थांबले होते आणि पोरं डोळे चोळत उठत होती. आया दूध घ्यायला मागच्या खोलीत गेल्या होत्या, मोठ्या बाई आपल्या खोलीत होत्या. त्यानं साखळीतून बिल्ला काढून अर्ध्या दाराच्या फळीवर ठेवला. सत्तावीस. हवालदारिणीनं मागे वळून बघितलं. गोळीनं त्याला बघितलं होतं, पण ती किंचाळली नाही. ती आवाज न करता टेबलाखाली शिरली, प्लास्टरचा हात पोटाशी घेतला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"बिल्ला बरोबर आहे," हवालदारीण म्हणाली. "पोर मिळणार नाही."

ड्रायव्हर हसला. मावशी थकल्या असतील, असं म्हणाला. नियम वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो, असं म्हणून त्यानं पाटीवरचे चारही नियम साखरेत घोळवून वाचले, शेवटचा दोनदा. ती ऐकत उभी राहिली. तिचे दोन्ही हात फळीवर होते. त्यानं खाली बघितलं, तिच्या हातांकडे, आणि मग एका झटक्यात तिचे केस धरून तिचं कपाळ त्या फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा नाक मोडल्याचा आवाज तिला स्वतःला आला, सुकी काटकी पायाखाली यावी तसा. रक्त बिल्ल्यावर पडलं. तो एका हातानं दारावर भार देऊन आत उतरला, आणि उतरताना त्याच्या गुडघ्यानं ती मागे कोसळली.

खाली पडलेल्या बाईला तो लाथा घालत होता. पहिली बरगडीत, दुसरी पोटात, तिसरी पुन्हा बरगडीत, तिथेच. पोरं आपापल्या गाद्यांवर बसून बघत होती. मग एकानं सुरू केलं, दुसऱ्यानं धरलं आणि सगळी पागा म्हणायला लागली, पडलेल्याला मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही, रोजच्या सुरात, टाळ्या वाजवत. ड्रायव्हर थांबला. क्षणभर वाटलं की ऐकलं त्यानं. मग तो पोरांकडे वळला आणि कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढून ओरडला, "चूप!"

एकोणचाळीस पोरं गप्प झाली. चाळिसावी आधीपासूनच गप्प होती.

त्यानं टेबल लाथेनं उलटं केलं. दूध पिण्याचे पेले भिंतीपर्यंत घरंगळत गेले. त्यानं वाकून पोरीला धरलं, आणि धरलं ते प्लास्टरच्याच हाताला. गोळीचं तोंड उघडलं पण त्यातून काही आलं नाही. हवालदारीण जमिनीवरून हे बघत होती. पुढे ती सांगायची की पोरगी ओरडली असती तर कदाचित आपण तशाच पडून राहिलो असतो. एकोणीस वर्षांपूर्वी पडून राहिलो होतो तसं. पण ते उघडं तोंड बघवलं नाही.

ती दाराला धरून उठली आणि अडसर खोबणीतून ओढून काढला. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड लोखंडी कांब. रोज दोनदा ती काढायची, रोज दोनदा घालायची, तिचं वजन हाताला पाठ होतं. पहिला फटका तिनं त्याच्या गुडघ्याच्या मागे घातला. तो एका पायावर आला, पोरीला सोडेना. दुसरा फटका त्या मनगटावर बसला. आतलं काहीतरी फुटलं आणि बोटं आपोआप उघडली, पाचही एकदम, करंगळीसकट. तिसरा त्याच्या छातीत. तो उताणा पडला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. 'मावशी' असंच काहीतरी म्हणत होता. तिचं नाक तोंडात गळत होतं. तिनं दोन्ही हातांनी कांब डोक्यावर उचलली. नेम कपाळाचा होता. त्यात चूक होणार नव्हती.

"पडलेल्याला मारायचं नाही."

एकटा बारीक आवाज होता, कुणाचा ते तिला कळलं नाही. मग दुसरा, मग सगळी पागा, टाळ्यांसकट. तिचाच सूर, तिचाच कायदा. हवालदारीण कांब धरून उभी राहिली. मग तिनं कांब खाली आणली, त्याला पायानं पालथा केला, त्याच्या पाठीवर बैठक मारली आणि कांब मानेवर आडवी टेकवून बसून राहिली. हलायचं नाही, सरळ पड, असं म्हणाली, आणि मोडक्या नाकातून तो 'स' पहिल्यांदाच शिट्टीशिवाय बाहेर आला. अर्ध्या पोरांना हसू आलं.

मोठ्या बाई धावत आल्या, चौकटीत थांबल्या, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "कोणी केलं बरं हे?" एकोणचाळीस बोटं उठली. वीस त्याच्याकडे, एकोणीस तिच्याकडे. गोळीचं बोट कुठेच नव्हतं. ती हवालदारिणीच्या मांडीला चिकटली होती आणि रडत होती, पोटापासून, घर डोक्यावर घेऊन.

चौकशी आठवड्यानं झाली. साहेब तरुण होते आणि कागद आवडणारे होते. बिल्ला बरोबर होता का? होता. क्रमांक बरोबर होता का? होता. मग पोर का दिलं नाही? हवालदारिणीच्या तोंडावर पट्टी होती, त्यामुळे प्रत्येक शब्द सर्दी झाल्यासारखा येत होता.

साहेब म्हणाले, "मुलगी रडत होती म्हणून? रडणं हे कारण नाही, बाई. नियम आहे."

"रडत नव्हती, साहेब," ती म्हणाली. "तेच कारण."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पण शेवटी झालं ते कागदाप्रमाणेच. शिवणवालीनं आता तक्रार दिली होती, प्लास्टर, बाह्या, मिटलेला डोळा, सगळं. ड्रायव्हर सहा आठवडे इस्पितळात आणि तिथून कोठडीत. त्याचा क्रमांक स्थगित. हवालदारीण नोकरीवरून कमी, कारण सैनिकावर लोखंड उगारलं. आणि सत्तावीस नंबरची जागा शनिवारपासून रद्द.

शनिवारी सकाळी हवालदारीण शिक्कामास्तरच्या खिडकीवर गेली. तो मान वर न करता म्हणाला की त्याचा नाइलाज आहे, नियमात बसत नाही. तिनं निळं पुस्तक खिडकीतून आत सरकवलं, शेवटचं पान उघडून. त्यानं ते वाचलं. चष्मा काढून वाचलं. मग विचारलं की आश्रित म्हणजे एका छपराखाली राहणारं, पोरगी राहते का तुमच्याकडे? राहते, ती म्हणाली. केव्हापासून? "आत्तापासून. आई सामान घेऊन बाहेर उभी आहे." शिक्कामास्तरनं खिडकीतून मान काढून बघितलं. शिवणवाली एक ट्रंक, एक गादी आणि एक पोर घेऊन उभी होती, आणि वाटेतून बाजूला व्हा असं कुणी म्हणण्याआधीच माफी मागायच्या तयारीत होती.

"बसवू या," तो म्हणाला. "पण मयताचं नाव तुमच्या तोंडून लागेल. नियम आहे."

एकोणीस वर्षं तिनं ते नाव घेतलं नव्हतं. आता घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. शिक्का पडला. कोऱ्या चौकोनात शाई पसरली. पायऱ्या उतरताना ती शिवणवालीला म्हणाली की मेल्यानं जन्मात पहिल्यांदा कुणाचं पोट भरायचं काम केलं, आणि ते तो आचारी असून. मग दोघी हसल्या. हसताना एकीच्या बरगड्या दुखल्या आणि दुसरीचा डोळा.

सोमवारपासून हवालदारीण त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायला लागली. आत आता नवी दारवाली होती, विशीतली, ताठ, सगळे नियम पाठ असलेली. संध्याकाळी हवालदारिणीनं नवा बिल्ला फळीवर ठेवला. फळीवरचा डाग घासूनही गेला नव्हता. दारवालीनं बिल्ला उलटसुलट करून बघितला, चेहऱ्याकडे बघितलंच नाही, आणि गोळीला आणायला गेली.

गोळी कोपऱ्यातल्या वाळूत खड्डा खणत होती. खड्डा अजून पुरा झाला नव्हता. उचलल्याबरोबर तिनं भोकाड पसरलं, नवीच्या पोटात लाथ मारली आणि जाता जाता भिंतीतली कडी धरली. नवी तिची बोटं सोडवायला लागली. एक सुटलं, दुसरं सुटलं.

"राहू दे," हवालदारीण दारावरून म्हणाली.

नवीनं मान वळवली आणि पाटीकडे बोट केलं. "अहो मावशी, रडणं हे कारण नाही."

"आहे," हवालदारीण म्हणाली. आणि पायरीवर बसली, पाय पसरून, बरगडीला हात लावून. "होऊ दे तिचा खड्डा. मी बसते."

गोळीनं आणखी थोडं रडून घेतलं. मग ती कडी सोडून वाळूकडे गेली.